डेव्हलपमेंट स्टडीजचे गिऱ्हाईक कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी नाशिकमधून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली आहे आणि तिला डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये, म्हणजे गरीब देशांच्या आणि प्रदेशांच्या विकासाच्या अभ्यासात, एम.ए. करायचे आहे. घरचे विचारतात, हा विषय नेमका कशाचा? मैत्रिणी सांगतात, गरीब देशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड बंद झाली, परदेशी पैसा आटला, आता यात राम राहिला नाही. तेव्हा हा विषय आला कुठून, जाणार कुठे आणि घ्यावा की नाही, हे तिला हवे आहे. पुढचे सगळे तिलाच उद्देशून लिहितो.

माझी उमेद याच कामात गेली. आधी पाटबंधारे आणि रोजगार हमीच्या कामांची मूल्यमापने केली, मग शिकवले, हल्ली शेतकरी कंपन्या आणि ग्रामपंचायतींबरोबर बसतो. त्यामुळे माझे उत्तर तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. या विषयाचा इतिहास वाचताना मी प्रत्येक टप्प्यावर दोनच गोष्टी विचारतो: प्रश्न कोणाचा होता आणि पैसे कोण देत होते?

पाठ्यपुस्तके विषयाची सुरुवात २० जानेवारी १९४९ पासून धरतात. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी पदग्रहणाच्या भाषणात मागास देशांना तांत्रिक मदत देण्याची घोषणा केली. मला ही तारीख फार उशिराची वाटते. ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये आपल्या भावी अधिकाऱ्यांसाठी इंग्लंडात कॉलेज काढले, ते पुढे हेलीबरीला गेले. तिथे अर्थशास्त्र शिकवायला लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे गाजलेला माल्थस होता. त्याचा एक हुशार विद्यार्थी, रॉबर्ट कीथ प्रिंगल, आपल्या दख्खनमध्ये आला. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा, हे वर्गात शिकलेले खंडाचे (जमिनीच्या भाड्याचे) गणित त्याने १८३० च्या सुमारास पुणे भागात लावले. कागदावर ते देखणे होते. पण निव्वळ उत्पन्न काढायचे तर बी, बैल, मजुरी, पाऊस यांचे खात्रीचे आकडे हवेत, आणि ते मिळवायचे खालच्या कारकुनांकडून. आकारणी भलतीच चढली, रयत जमिनी टाकून गेली, इंदापुरात रानेच्या राने पडीक राहिली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सिद्धांत बाजूला ठेवून मोजणी, प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी ठरवलेला सारा आणला. तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर त्या कारभाराचा वारसा आहे. बाहेरून आलेला सिद्धांत, घाईने गोळा केलेले आकडे, मग माघार आणि दुरुस्ती: विषयाचे पुढचे दीडशे वर्षांचे चरित्र या एका प्रकरणात सापडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती सुटल्या आणि तिथले अधिकारी मायदेशी परतले. त्यांच्या अनुभवाला आणि नव्या मदतखात्यांच्या गरजेला विद्यापीठात जागा हवी होती. हेगची सामाजिक अभ्यास संस्था १९५२ ची, ससेक्सची विकास अभ्यास संस्था १९६६ ची. ससेक्सची संस्था निघाली ती ब्रिटनच्या परदेश विकास मंत्रालयाच्या पुढाकाराने. म्हणजे गिऱ्हाईक सरकार, आणि तेही दुसऱ्या देशाचे. तरी तिथे प्रामाणिक माणसे होती. पहिले संचालक डडली सीअर्स यांनी १९६९ मध्ये दिल्लीतल्या परिषदेत सरळ विचारले की गरिबीचे काय झाले, बेरोजगारीचे काय झाले, विषमतेचे काय झाले. यातले एक-दोन प्रश्न बिघडले असतील तर उत्पन्न दुप्पट होऊनही त्याला विकास म्हणायचे का? पन्नास वर्षांत याहून चांगली परीक्षा मला सापडली नाही.

आता आपल्याकडे या. हा विषय पश्चिमेकडून आयात झाला, असे जे सर्रास लिहिले जाते ते अर्धेच खरे आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याच्या कर्जाची आणि नोकरशाहीची जी चिरफाड केली, दादाभाईंनी देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्र इथे जसेच्या तसे का लागू होत नाही ते सांगितले, तो सगळा विकासाचाच अभ्यास होता. विभाग नव्हता, पदवी नव्हती, एवढेच.

यातला एक दाखला मात्र मी दर वर्षी वर्गात ताणून शिकवत असे. वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुसियाचे आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये एक लेख लिहिला: शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे असतात, त्यांचा तिथला वाढीव हातभार जवळजवळ शून्य असतो, त्यांना उद्योगात ओढले की अर्थव्यवस्था वाढते. या लेखाला विषयाचा पाया मानतात. लुईस यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला आहे. त्या वेळी सगळे तज्ज्ञ म्हणत होते की तुकडे फार झाले, ते एकत्र करा. आंबेडकरांनी विचारले की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून कसे ठरवता? तिच्यावर भांडवल किती, औते किती, माणसे किती, हे पाहा. खरा रोग हा की जमिनीवर रिकामे हात फार आहेत आणि ते राबणाऱ्यांच्या ताटातले खातात. औषध उद्योगीकरणाचे. लुईसच्या आधी छत्तीस वर्षे! दोघेही पुढेमागे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डॉक्टरेट झाले. तरी जगभरच्या अभ्यासक्रमांत लुईस पहिल्या आठवड्यात येतात आणि आंबेडकर आलेच तर जातीच्या प्रकरणात. ज्या दिंडोरी तालुक्यात दादासाहेब गायकवाड जन्मले आणि ज्यांनी पुढे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, तिथल्या मुलांनी तरी हा निबंध मुळातून वाचावा असा माझा हट्ट असतो.

विद्यापीठी शिस्त आपल्याकडे आली ती गावाच्या पाहणीतून. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर अभ्यास करून १९१७ मध्ये छापला. (आज तिथे आयटीवाल्यांचे टॉवर आहेत, पाहणी पुन्हा करायला कोणी गेले तर वॉचमन आत सोडेल का, शंकाच आहे.) १९३० मध्ये गोखले इन्स्टिट्यूट निघाली. तिथे धनंजयराव गाडगीळांनी पाहणीचे शास्त्र बसवले आणि वर विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी कारखानाही उभा केला. एकाच माणसाने दोन्ही करणे आता दुर्मिळ झाले आहे.

नाशिककरांना क्वचितच माहीत असलेली गोष्ट म्हणजे आपल्या नाशिकरोडच्या तुरुंगाचा यातला वाटा. १९३२-३३ मध्ये तिथे जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एम. एल. दंतवाला असे तरुण कैदेत होते. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्या चर्चांतून पुढे आली. त्यांपैकी अशोक मेहता पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि दंतवाला मुंबई विद्यापीठात कृषी अर्थशास्त्राचे प्राध्यापक. दंतवाला समितीने १९७० मध्ये सांगितले की आपल्यासारख्या देशात बेरोजगारीचा एकच आकडा काढणे निरर्थक आहे. वर्षभराची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती वेगवेगळी मोजा. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ पासून तेच केले.

हे रुक्ष वाटेल, म्हणून जवळून दाखवतो. दिवाळीनंतर भात-नागली उरकली की सुरगाणा, पेठकडच्या टोळ्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत उतरतात. छाटणी, पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, विरळणी, डिपिंग, शेवटी खुडा. बोली बहुधा एकरी उक्ती, काहींनी पावसाळ्यात उचल घेतलेली. डिसेंबरात तुम्ही पाहणीचा फॉर्म घेऊन सुरगाण्याच्या पाड्यावर गेलात तर घरात म्हातारी आणि लहान मुले. फॉर्मवरचा पहिलाच रकाना: एका चुलीवर जेवणारी माणसे किती? म्हातारी सांगेल तीन, कारण दुसरी चूल उगावच्या बागेत कडेला तीन दगडांवर पेटली आहे. त्या बागेत पाहणीवाला गेलाच तर तिथे घर म्हणावे असे काही नाही, म्हणून तो पुढच्या बंगल्यात शिरतो. असे सात जणांचे कुटुंब एका तालुक्यात तिघांचे होते आणि दुसऱ्यात कुणाचेच नाही. पुन्हा, आठवड्याचा हिशेब घ्याल तर जानेवारीत सगळ्यांना काम आहे आणि मेमध्ये कुणालाच नाही. आता या आकड्यांवर कोणी स्थलांतराचे धोरण आखले तर काय होईल? केनियात जिल्हा अधिकारी राहिलेले आणि पुढे ससेक्सला शिकवणारे रॉबर्ट चेंबर्स १९८३ मध्ये याबद्दलच लिहीत होते: पाहणीवाले डांबरी रस्त्याने येतात, कोरड्या दिवसांत येतात आणि पुढाऱ्याच्या ओट्यावर बसून परत जातात.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे या विषयाचे गिऱ्हाईक एकच होते, नियोजन आयोग. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आली, तिच्याबरोबर मूल्यमापनाचे खाते आले आणि विद्यापीठांना कामे मिळाली. १९७१ हे यातले सुगीचे वर्ष: पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० कॅलरींचा मापदंड धरून देशातली गरिबी मोजली, त्याच सुमारास त्रिवेंद्रमला के. एन. राज यांनी विकास अभ्यासाचे केंद्र काढले, मद्रासला माल्कम आदिशेषय्यांनी संस्था काढली. याच काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली. १९६५ मध्ये तासगावकडे करून पाहिलेली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेलेली, १९७७ मध्ये कायदा झालेली. २००५ च्या केंद्रीय कायद्याचे मूळ तिथे आहे. विद्यापीठाने तिचे मूल्यमापन भरपूर केले. सुचवली मात्र पागे यांच्यासारख्या राजकारण्याने.

अशीच गोष्ट कांद्याची. ससेक्सच्या मायकेल लिप्टन यांनी १९७७ मध्ये मांडले की गरीब देशांतला खरा झगडा शहर विरुद्ध खेडे हा आहे. शहरे संघटित असतात, म्हणून धान्य स्वस्त ठेवले जाते आणि गुंतवणूक शहरात जाते. जवळजवळ त्याच वेळी चाकणला शरद जोशी कांद्याच्या उत्पादनखर्चाचा हिशेब मांडून इंडिया आणि भारत अशी फोड करत होते. नोव्हेंबर १९८० मध्ये हे आंदोलन नाशिक जिल्ह्यात आले, खेरवाडीला रेल्वे अडवली गेली. दोन्ही मांडण्यांवर वादही सारखेच झाले: खेड्यातला मजूर यात कुठे बसतो? बागायतदाराला भाव मिळाला तर विरळणी करणाऱ्या बाईचा रोज वाढतो का? त्यावर जोशींच्या संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन घेतले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावावर जमीन करण्याचा कार्यक्रम दिला. एस्टर बोसरप यांचे शेतीतल्या स्त्रियांवरचे १९७० चे पुस्तक जगभर शिकवले जाते. चांदवड मला आमच्या इथल्या अभ्यासक्रमातही क्वचितच भेटले. सहकारी पाणीवाटपाचेही तेच. सामाईक साधनसंपत्तीवर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे पुस्तक १९९० मध्ये आले, नोबेल २००९ मध्ये. त्याच नव्वदीत ओझरला समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकावर पाणी वापर संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली. २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला तेव्हा सगळे वाघाडकडे बोट दाखवत होते. बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची बागलाण-कळवणची फड पद्धत तर त्याहून कितीतरी जुनी.

ऐंशीनंतरचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो कुठल्याही पुस्तकात मिळेल. कर्जबाजारी देशांवर जागतिक बँकेच्या अटी आल्या, नियोजनाची पत गेली. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून १९९० मध्ये मानवी विकास निर्देशांक आला. आर्तुरो एस्कोबारसारखे लोक म्हणाले की विकास ही कल्पनाच सत्तेचे हत्यार आहे. त्यात तथ्य आहे, पण पेठच्या बाईला नळ हवा असतो आणि ती त्याला विकासच म्हणते. मग आले प्रयोगवाले: काही गावांना योजना द्यायची, काहींना नाही, आणि फरक मोजायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे नोबेल मिळाले. उदयपूरकडच्या खेड्यांतला त्यांच्या गटाचा प्रयोग प्रसिद्ध आहे: लसीकरणाची शिबिरे नियमित भरवली आणि प्रत्येक खेपेला किलोभर डाळ दिली, तेव्हा पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण ६ टक्क्यांच्या जागी ३९ टक्के निघाले. हे उपयोगी ज्ञान आहे आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांशी माझे पटत नाही. पण लासलगावच्या लिलावात उभे राहून पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिले, ते पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ ला. या काळात चाळीत उन्हाळ कांदा साठवून बसलेल्याचे काय झाले, हा प्रश्न अर्ध्या गावांना बंदी आणि अर्ध्यांना सूट देऊन तपासता येत नाही. त्याला व्यापार, राजकारण आणि इतिहास लागतो.

आता भवितव्य. तुमच्या मैत्रिणी म्हणतात ते खोटे नाही. ब्रिटनने २०२० मध्ये आपले विकास खाते परराष्ट्र खात्यात विलीन केले, मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली आणि २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे जाहीर केले. १९६१ ची यूएसएड जुलै २०२५ पासून संपली. आपला नियोजन आयोग २०१४ मध्येच गुंडाळला गेला. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये घट्ट झाला आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला तो पैसा पुढे देणे बंद झाले. म्हणजे विषयाची दोन्ही जुनी गिऱ्हाइके, परदेशी दाता आणि नियोजनकर्ते सरकार, दुकानातून उठून गेली आहेत. त्यांच्या जागी २०१३ च्या कंपनी कायद्यातला सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचा २ टक्के नफा, आला आहे. नोकऱ्या सध्या तिथे आणि सल्लागार कंपन्यांत आहेत. पगार बरा, काम बहुतेक अहवालाचे, आणि अहवाल बहुतेक फोटोंचे. कंपनीला हवे असते मार्चअखेर दाखवता येईल असे काम. बंधाऱ्यात तिसऱ्या वर्षी किती गाळ बसला, हे विचारायला पैसे कोणी देत नाही.

तरी मी निराश नाही, कारण एक नवे गिऱ्हाईक माझ्या दारात येते आहे. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या, ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (कुठल्या एका योजनेला न बांधलेला) निधी थेट मिळतो, वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, आणि दोन्हींसाठी आराखडा लागतो. तो बरेचदा तालुक्याला बसून कोणीतरी कॉपी-पेस्ट करतो. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीला बाजाराचा आणि हवामानाचा अभ्यास हवा असतो आणि ती तो विकतही घेऊ शकते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्यांच्या मागण्यांत वनपट्टे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचे हक्क, होते. दावे नामंजूर का होतात हे शोधायला नकाशा वाचणारा, कायदा समजणारा आणि पाड्यावर राहू शकणारा माणूस लागतो. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दर काही वर्षांनी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असे जे पेटते, त्यात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातले समन्यायी वाटपाचे कलम दोन्ही बाजूंना समजावून सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. ही सगळी कामे डेव्हलपमेंट स्टडीजची आहेत. प्रश्न ज्याचा, उत्तर त्यालाच द्यायचे, आणि चुकले तर तोच तुम्हाला रस्त्यात गाठणार. विषय टिकला तर या कामावर टिकेल असे मला वाटते. जगभराच्या मदतीचे शास्त्र म्हणून त्याचे दिवस भरले आहेत.

आकड्यांची उपासमारही एक संधीच आहे. २०११ नंतर जनगणना झाली नाही, ती आता २०२७ ची धरली आहे. घरखर्चाची २०१७-१८ ची पाहणी प्रसिद्धच झाली नाही. मधल्या काळात नाशिक कुठल्या कुठे पसरले, समृद्धी महामार्ग इगतपुरी-सिन्नरमधून गेला, आणि धोरणे जुन्या आकड्यांवर चालली. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना क्षेत्रप्रकल्प दिले आहेत. आज त्यातले बरेच सायबर कॅफेत तयार होतात. नाशिकच्या दहा कॉलेजांनी ठरवून दर वर्षी तीच तीच गावे तोच फॉर्म घेऊन पाहिली, तर पाच-सहा वर्षांत पिंपळे सौदागरच्या तोडीचे काहीतरी हाती येईल. मुक्त विद्यापीठ तर आपल्या गोवर्धनलाच आहे. त्याचे विद्यार्थी राज्यभरच्या गावांत आधीच राहतात.

तुमच्यापुरते सांगायचे तर एम.ए. जरूर करा, पण नुसत्या सिद्धांतांच्या भरवशावर करू नका. टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूर केंद्र, आयआयटी मुंबईचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सितारा, बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ, या ठिकाणी क्षेत्रकामाला वजन आहे. प्रवेशाआधी विचारा की विद्यार्थी सलग किती आठवडे गावात राहतात आणि पावसाळ्यात राहतात का. जोडीला एक कठीण कौशल्य घ्या: संख्याशास्त्र, नकाशांचे जीआयएस, भूजल किंवा महसूल कायदा, यांपैकी कुठलेही. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि रोजगार हमीचे हजेरीपत्रक न अडखळता वाचता आले पाहिजे. हे कुठल्याच विद्यापीठात नीट शिकवत नाहीत, तलाठी कार्यालयात बसूनच येते. इंग्रजी लागेल, अहवाल त्यातच जातात. पण निष्कर्ष मराठीत दोन पानांत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवायची सवय पहिल्या वर्षापासून लावा.

घरच्यांना सांगा की पहिली तीन-चार वर्षे पगार बँकेतल्या भावापेक्षा कमी असेल आणि कंत्राट अकरा महिन्यांचे असेल. प्रवेशाला अजून वेळ असेल तर येत्या ऑक्टोबर छाटणीला तुमच्याच बागेत येणाऱ्या टोळीची पाहणी करून पाहा: कोण कुठून आले, उचल किती, मुले कुठे ठेवली, परत कधी जाणार. वडिलांना आधी सांगून ठेवा, कारण उचलीचा रकाना भरताना तुम्ही मालकाची मुलगी आहात हे टोळी विसरणार नाही. तो फॉर्म मला पाठवा, मग प्रवेशाचे बोलू.